देवीच्या पायाशी ठेवलेलं घड्याळ

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले तेव्हा घरात पेढे वाटले गेले, आणि मी मात्र त्या दिवसापासून घाबरायला लागले. रोज चाला, चालण्यानेच ताकद येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वाकडला राहणाऱ्या लेकीने पावलं आणि नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ आणून, ऑपरेशनची बाजू सोडून, माझ्या उजव्या हातात बांधलं. माझं चालणं तिला तिच्या मोबाइलवर दिसणार होतं. पण जिना उतरले की ठोक्यांचा आकडा चढायचा, आणि आकडा चढला की वाटायचं, दुखणं परत आलं. मग मी पायरीवरच बसायचे. मिस्टर चाकणच्या कंपनीत शिफ्टला गेलेले. घरात मी आणि ते घड्याळ. जरा बसून राहिलं की थरथरून उठ म्हणायचं. सासूसुद्धा इतकी मागे लागली नव्हती!

एका सकाळी कंटाळून आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीमागच्या देवळात गेले. देवीची ओटी भरली आणि नारळाशेजारी घड्याळ काढून ठेवलं. "आई, मला नाही झेपत. माझी पावलं, माझे ठोके आता तूच सांभाळ," एवढं म्हणून रडत घरी आले.

दुपारी दारात एक म्हातारी उभी. देऊळ झाडणाऱ्या आजी. आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी त्यांची ज्वारी असायची, एवढंच मी ऐकून होते. माझं घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं. "तुला ठिवताना बगितलं. कुनी उचलंल म्हनून हातात घातलं, आन् झाडलोट, देवीच्या फेऱ्या उरकून वॉचमनला घर इचारत आले." मी त्यांच्यासाठी चहा ठेवला, तेवढ्यात लेकीचा फोन आला. घड्याळ माझ्या मोबाइलजवळ आलं तसं आजींचं सकाळचं सगळं चालणं तिला दिसलं होतं. "आई, किती चाललीस गं आज!" म्हणाली आणि रडायलाच लागली. मी नुसतं "हो" म्हणून गेले. फोन ठेवल्यावर आजींना सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात बांधलं. "मंग पोरीला खोटं पाडू नगं. ऊठ, चल देवळापत्तुर."

अर्ध्या वाटेत छाती धडधडायला लागली. मी आकडा बघणार, तोच आजींनी घड्याळावर हात ठेवला. "जित्या मानसाचं धडधडनारच की! दम खा, मंग जाऊ." दम खाल्ला. पोचलो. हळूहळू एक प्रदक्षिणाही झाली. मला फार रडू आलं, पण सकाळचं रडणं वेगळं होतं.

मी भार टाकायला गेले होते. देवीने तो ठेवून घेतला नाही. परत पाठवला, पण उचलायला सोबत धाडली. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. आजी अजून रोज खालून हाक मारतात. हे ऋण मी कशाने फेडू?

त्या संध्याकाळी लेकीला खरं सांगून टाकलं. तिने विचारलं, "आणि दुपारनंतरची ती थोडीशी पावलं?"

"ती माझी," मी म्हणाले, आणि देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.