दीडशेला एक कमी

माझ्या आतेभावाइतका कडवा समतावादी उभ्या हैदराबादेत सापडणार नाही, आणि त्याने आयुष्यात एकही पत्रक वाचलेलं नाही. मी पत्रकं वाटत वाढले. त्याला समता सापडली संगणकात. दादा कोठीच्या एका क्लासमध्ये प्रोग्रॅमिंग शिकवतो आणि त्याचा सगळा जीव ‘सेट’वर, म्हणजे संगणकात नावं साठवायच्या एका पिशवीवर. यादीत पहिला-शेवटचा असतो, एकच नाव दहादा घुसतं. सेटमध्ये रांगच नाही, आणि आत असलेल्याला पुन्हा कितीही ढकला, तो एकच राहतो. घरच्या लग्नात फोटोसाठी मानाप्रमाणे उभं करू लागले, तर हा “कुणीही कुठेही!” म्हणत व्याह्यांना मागच्या रांगेत लोटून आला. आत्या एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगू लागली की म्हणतो, “आई, हे आत आहे.” आत्या म्हणते, “पोळी पण कालच खाल्लीस, आज कायकू मागतोस?”

गौलीगुड्यातल्या आमच्या मराठी वाचनालयाची खोली सुक्यामेव्याच्या गोदामाला जाणार होती. रविवारपर्यंत दीडशे वाचकांची नावं आणा, नाहीतर विसरा, असं विश्वस्तांनी बजावलं. मी पायाला भिंगरी लावून एकशे एकाहत्तर सह्या आणल्या. दादाने ती नावं सेटमध्ये टाकली. उरली एकशे एकोणपन्नास.

“लोकांचा आवाज दाबतोयस तू!” मी ओरडले.

“आवाज एकाचाच होता. चारदा ओरडला.”

रविवारी सकाळी त्या एका सहीसाठी दादाला ओढत बेगम बाजार गाठला. मसाल्याच्या दुकानात दोन चुलतभाऊ, दोघांनाही आजोबांचंच नाव ठेवलेलं. दोघांनी सह्या आधीच केल्या होत्या. यादी बघून थोरला भडकला, “आम्ही दोघं हाव ना! एकाला कायकू उडवलं?” दोघांचे वडील वेगळे, पण माणसाची ओळख बापावरून नको, या तत्त्वापायी वडिलांच्या नावाचा रकाना मी अर्जात ठेवलाच नव्हता. दादा एवढंच म्हणाला, “तू दिलंस तेवढंच सेटला दिसलं.” मी दुसरं नाव पुन्हा यादीत लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

दीडशे भरले, खोली वाचली. दादाला मात्र चैन पडेना. गाळलेली बाकीची नावं घेऊन तो दिवसभर दारोदार विचारत फिरला, “तुम्ही एकच ना?” संध्याकाळी परतला तो एका सहीचा कागद घेऊन. वाचनालयात रोज येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी दोन सह्या केल्या होत्या, एक गहाळ झाली तर दुसरी तरी पोचावी म्हणून. खोली राहिली हे कळल्यावर त्या म्हणाल्या, “मग दुसरी ठेवून द्या बाबा. पुढच्या वेळी मी असेन-नसेन.”

सेटमध्ये त्या दुसऱ्या सहीला जागा नाही. तो कागद दादाच्या पाकिटात आहे.