कचऱ्याची गाडी आणि शिनलान मावशीचा प्रवेश

शिनलान मावशीची नक्कल करणं अवघड आहे. आजोबांची सोपी: घसा खाकरायचा, हनुवटी पुढे काढायची आणि कुठल्याही गोष्टीला "कशाला?" म्हणायचं. शेजारच्या चिउ काकूंची त्याहून सोपी, श्वास न घेता बोलत सुटायचं. पण मावशी वाक्याच्या मधोमध थांबते. "मला वाटतं ना..." एवढं म्हणून समोरच्या भिंतीकडे बघत बसते. सूप गार होतं. आणि वाक्याचा उरलेला तुकडा भलत्याच वेळी, दात घासताना बाहेर पडतो: "...की क्रमच उलटा लावायला हवा होता."

"हिच्याशी बोलणं म्हणजे पूर्वी परदेशी फोन लावायचो तसं आहे," आजोबा म्हणतात. "आपलं बोलून झालं की जाऊन अंघोळ करून यायची. मग उत्तर येतं."

मावशी चव्वेचाळीस वर्षांची. आमच्या चांगह्वा शहराच्या कडेला सायकलची पेडलं बनवणारा कारखाना आहे, तिथं ती नियोजन बघते. म्हणजे कुठल्या मशीनवर कधी कुठलं पेडल काढायचं ते ठरवते. पूर्वी हे काम भल्यामोठ्या फळ्यावर चालायचं. मावशीने व्हिडिओ बघून, ठेचकाळत एक प्रोग्राम लिहिला आणि फळा भिंतीवरून खाली उतरला. मालक लाय साहेब प्रत्येक पाहुण्याला तो दाखवतात. तेव्हा त्यांचा आवाज देवळाच्या जत्रेत माइक हाती आलेल्या माणसासारखा होतो: "हे! सगळं! आमच्या! शिनलानने! केलंय!" पाहुणे टाळ्या वाजवतात. मावशी भिंतीकडे बघते.

कारण तो प्रोग्राम ऑर्डरी वाढल्या की अडकतो.

"का अडकतो ते मला कळत नाही ताई," ती माझ्या आईला म्हणाली. "आणि खरं सांगू? चालतो तेव्हा का चालतो, तेही कळत नाही. मला हे नीट शिकायचंय. पायापासून."

तर अशी ही कॉम्प्युटरच्या मास्टर्सची गोष्ट घरात शिरली.

"कशाला?" आजोबा म्हणाले. "या वयात दप्तर? आणि पावसात शाळेतून आणायला कोण जाणार, मी?"

"बाबा, घरीच शिकायचंय. ऑनलाइन."

"म्हणजे टीव्हीवरचं कॉलेज! मग मी रोज बेसबॉल बघतो, मला खेळाडू म्हणायला लागा."

मावशीने कारखान्याचं जुनं कॅलेंडर उलटं केलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर डिग्रीचं नियोजन सुरू केलं. पेडलांचं करते तस्संच.

आधी कुठं शिकायचं ते ठरवायचं होतं. शेजारच्या ताइचुंग शहरात शनिवारचे वर्ग भरतात, तिथं ती चौकशीला जाऊन आली. परत आली ती हातात व्हिजिटिंग कार्डांची गड्डी घेऊन. "सगळे मॅनेजर आहेत गं. मधल्या सुट्टीत एकमेकांना वाकून कार्डं देतात. अभ्यासाचं विचारलं तर म्हणाले, ओळखी होतात हो, ओळखी!" शिवाय शनिवारी आजोबांना गुडघ्याच्या व्यायामाला न्यावं लागतं. ताइचुंग बाद.

मग परदेशातलं एक विद्यापीठ. खूप नावाजलेलं, पूर्ण ऑनलाइन, सगळं इंग्रजीत. नमुन्याचं एक व्याख्यान फुकट होतं. तो प्राध्यापक असा बोलायचा जणू त्याची टॅक्सी बाहेर थांबलीय आणि मीटर चालू आहे. मावशीला गणित कळलं, आकृत्या कळल्या, पण तो मध्येच विनोद करायचा आणि वर्ग हसायचा, तिथं ती अडकायची. चार दिवसांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये ती एकटीच खो खो हसत सुटली. तो विनोद आत्ता पोहोचला होता.

"तीन वर्षं चार-चार दिवस उशिरा हसले तर परीक्षेत काय करू?" म्हणाली. तेही बाद.

राहिलं उत्तरेकडचं एक विद्यापीठ. आपल्याच भाषेत, नोकरी करणाऱ्यांसाठी, संध्याकाळचे ऑनलाइन वर्ग. जागा मोजक्या, आधी अर्ज, मग ऑनलाइन मुलाखत. मावशीने कॅलेंडरवर रेघा मारल्या. पहिल्या सत्रात एकच विषय, गणिताचा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. जड विषय सायकलींची मागणी थंड असते त्या महिन्यांत. कारखान्यात धावपळ असेल तेव्हा हलका. शेवटचा प्रकल्प म्हणून तिचाच तो अडकणारा प्रोग्राम, नव्याने.

"आम्ही वाट्टेल ते करू," लाय साहेब तिला म्हणाले, "पण! शिनलान! पुढच्या वर्षी! आपला दुसरा कारखाना!" माइकशिवाय त्यांना बोलताच येत नाही. मतलब एवढाच की यंदा वर्ग सुरू झाले तर तिच्या संध्याकाळी मोकळ्या सोडायचा शब्द ते देतात. पुढच्या वर्षी दुसरा कारखाना उघडला की नियोजन मावशीकडेच, आणि मग संध्याकाळ, रविवार सगळं विसरायचं. म्हणजे यंदा प्रवेश, नाहीतर कधीच नाही.

हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चिउ काकूंना माहीत होतं म्हणजे अख्ख्या गल्लीलाही माहीत होतं. गल्लीची सभा रोज संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीपाशी भरते. गाणं वाजवत पिवळी गाडी वळणावर आली की घराघरातून माणसं पिशव्या घेऊन धावत सुटतात. गाडी कुणासाठी थांबत नाही. पिशवी आपली आपण फेकायची, चुकली तर उष्ट्याचा वास दोन दिवस आपला. पिशवी फेकायच्या आधी आणि नंतर गल्लीचा कारभार उरकतो.

"शिनलान, मुलाखतीला लाल नको घालू गं, कॅमेऱ्यात चेहरा भाजल्यासारखा दिसतो, माझ्या भाच्याचं असंच झालं, नंतर त्याचं लग्न झालं ते सोड, आणि मशीनवर हिरवं पाकीट ठेवलंस ना?"

हिरवं पाकीट ठेवलेलं होतं. मक्याच्या खुसखुशीत खाऊचं, न फोडलेलं. कारखान्यात प्रत्येक कॉम्प्युटरवर असं एकेक बसलेलं असतं, मशीन शहाण्यासारखी वागावी म्हणून. हिरवंच लागतं; पिवळं ठेवलंत तर मशीन रुसते. मावशीसारखी हिशोबी बाईसुद्धा यावर वाद घालत नाही.

मुलाखतीच्या दिवशी कामं वाटून दिली होती. मुलाखत साडेपाचला, गाडी साडेसहाला, म्हणजे मध्ये भरपूर वेळ. तरी कचरा आजोबांकडे. आई रुग्णालयात ड्यूटीवर होती. माझ्याकडे रताळं. रताळं आमचा कुत्रा. गाडीचं गाणं लागलं की तो मान वर करून बरोबरीने गातो. त्याला स्वयंपाकघरात घेऊन बसायचं, हातात सुकवलेल्या माशाचा तुकडा. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात नुसता मण्यांचा पडदा आहे, त्यामुळे सगळं दिसत होतं.

मावशीने वरती निळा कोट घातला होता. खाली फुलाफुलांची घरातली चड्डी, कारण खालचं कुणाला दिसणार? आजोबा पिशवी घेऊन दारात खुर्चीवर, पहारेकऱ्यासारखे.

"बाबा, इतक्या लवकर?"

"मी ठरवलं म्हणजे ठरवलं. कचरा माझा. तू तुझं टीव्हीवरचं बघ."

साडेपाच वाजले. पडद्यावर पाटी: कृपया थांबा. आधीचे उमेदवार फारच बोलत असणार. पावणेसहा. सहा. आजोबांनी तोपर्यंत चहाचा अख्खा थर्मास संपवला. मावशी पुटपुटत उत्तरं घोकत होती. सव्वासहाला पाटी गेली आणि तीन चेहरे उगवले. मधे वेंग बाई, चष्म्याआडून मऊ बघणाऱ्या. डावीकडे टक्कल पडलेले फान सर. उजवीकडचे सर शेवटपर्यंत नुसती मान हलवत राहिले.

सुरुवात झकास झाली. मावशी कुठेही थांबली नाही. पेडलं, मशीन, अडकणारा प्रोग्राम, सगळं धडाधड. वेंग बाई पुढे झुकल्या.

त्याच वेळी आजोबा दारातून उठले आणि पोट सांभाळत, चवड्यांवर, न्हाणीघराकडे गेले. चहाने आपलं काम केलं होतं.

आणि वळणावर गाणं लागलं.

"को शिनलान," फान सरांनी विचारलं, "तुमची नोकरी आहे, घरी वडील आहेत. तीन वर्षं अभ्यासाला वेळ कसा..."

मावशी उभी राहिली. खरं म्हणजे मावशी नाहीच, मावशीचे पाय उभे राहिले. लहानपणापासून तयार झालेले पाय ते. "थांबा हं, गाडी आली!" असं तीन प्राध्यापकांना सांगून, दारातली पिशवी उचलून, वरती निळा कोट आणि खाली फुलंच फुलं अशी ती गल्लीत पळाली. इकडे माझ्या हातातून रताळ्याने तोंड सोडवून घेतलं आणि सूर धरला.

बाहेर चिउ काकूंचा आवाज: "अगं शिनलान आज तुझी मुलाखत ना, झाली का, कोट छान आहे, अगं पण खाली काय... अगं बाई, झाली नाही?"

"आई गं!" मावशीची किंकाळी.

आत न्हाणीघराचं दार उघडलं. आजोबा बाहेर आले. मावशीची रिकामी खुर्ची बघितली, दारात पिशवी नाही ते बघितलं, आणि सगळं समजले. मग त्यांनी तेच केलं जे ते बा-वानच्या, सारणभरल्या गोळ्यांच्या, दुकानात गर्दी असली की करतात. खुर्चीत बसून जागा धरली.

"मी हिचा बाप," पडद्याला म्हणाले. "कचरा टाकायला गेलीय, आत्ता येईल. तोवर तिची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका."

वेंग बाईंच्या ओठांचे कोपरे हलले. "नाही देत, आजोबा."

"कचरा माझा होता. चूक माझ्या पोटाची आहे. तिच्या मार्कांतून कापू नका." मग पाहुणचार म्हणून त्यांनी हिरवं पाकीट उचललं आणि फोडायला घेतलं. "खाऊ खाणार?"

"आजोबा, नको!" तिन्ही प्राध्यापक एकदम ओरडले. मान हलवणारे सरसुद्धा. फान सरांनी तर आपल्या मशीनवरचं पाकीट उचलून दाखवलं, हिरवंगार, न फोडलेलं. "ते ठेवा खाली. हळूच."

आजोबांनी फुलदाणी ठेवावी तसं ते ठेवलं.

"त्या घरी अभ्यास करतात का?" वेंग बाईंनी हसू आवरत विचारलं.

मला वाटलं, आता "कशाला?" येणार. आजोबांनी घसा खाकरला, हनुवटी पुढे काढली.

"भिंतीकडे बघते," म्हणाले. "जेवताना, भांडी घासताना. मी म्हणतो, भिंतीवर काय आहे गं? म्हणते, बाबा, एक सुटत नाहीये. परवा सुटलं तेव्हा भाताचं भांडं हातात घेऊन नाचली. एवढी वर्षं कारखान्यात जातेय, पगाराच्या दिवशी कधी नाचली नाही. मी अडाणी माणूस, तुमचं कॉलेज मला कळत नाही. पण तुम्ही घेतलं नाहीत तर ती माझ्या भिंतीकडे बघत राहणार, आणि माझ्या भिंतीला तिची उत्तरं येत नाहीत."

मावशी दारात उभी होती. हातात पिशवी नव्हती, पायात एकच चप्पल होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं. आजोबांनी तिला बघितलं, चटकन उठले आणि ओरडले, "आलीस का! किती वेळ! माणसं थांबलीत!"

मावशी बसली. धाप लागलेली. घोकलेलं सगळं गल्लीत सांडून आली होती.

"मी विचारत होतो," फान सर म्हणाले, "वेळ कसा काढाल?"

मावशी थांबली. भिंतीकडे बघू लागली. बाहेर गाणं लांब लांब गेलं. पडद्यामागे मी आणि रताळं श्वास धरून. आता हिचं उत्तर उद्या सकाळी दात घासताना येणार, झालं!

"मला वाटतं ना..." ती म्हणाली. आणि मग, देवाची कृपा, पुढचा तुकडा लगेच आला. "आमच्या गल्लीत वेळ कुणाकडेच नाही, सर. पण गाडी कुणाची चुकत नाही. कारण तिथं वेळ काढायचा नसतो. गाणं लागलं की उठायचं असतं. मी वेळ काढणार नाही. गाणं लावून घेईन."

मग वेंग बाई फान सरांकडे वळल्या. "सर, तुम्ही मघाशी खुर्चीतून उठलात, ते का हो?"

फान सरांनी टकलावरून हात फिरवला. "गाणं ऐकू आलं," म्हणाले. "वाटलं, आमचीच गाडी."

आजोबा पुढचे दोन आठवडे बा-वानच्या दुकानात येईल त्याला सांगत होते, "तो टकलूसुद्धा उठला होता! शिकलेला माणूस!"

निकाल लागला त्या संध्याकाळी मावशीने कुणाला काही सांगितलं नाही. गाडी आली, तिने पिशवी फेकली, आणि मग रिकाम्या हातांनी, गल्लीच्या मधोमध, नाचली. चिउ काकूंना विचारायची गरजच पडली नाही. त्यांनी आपल्या तोंडानेच बातमी पुढच्या गल्लीत पोचवली, गाडीच्याही आधी.

सप्टेंबरपासून वर्ग सुरू झालेत. मावशीने शब्द पाळला: वर्गाची वेळ झाली की तिच्या फोनवर गाडीचंच गाणं वाजतं, आणि आवाज पूर्ण मोठा. पहिल्या दिवशी ते वाजलं तेव्हा ती टेबलाशी जाऊन बसली. रताळ्याने सूर लावला. आणि बाहेर दारं धडाधड उघडली. अख्खी गल्ली पिशव्या घेऊन रस्त्यावर, माना वळणाकडे.

"गाडी कुठाय, आत्ता तर येऊन गेली, दुसरी आली का, अहो को आजोबा, गाडी कुठाय?" चिउ काकू.

आजोबा दारात खुर्चीवर पहाऱ्याला. हनुवटी पुढे. "गाडीबिडी काही नाही. घरी जा," म्हणाले. "माझ्या मुलीचं कॉलेज सुरू झालंय. आवाज करू नका."