तांब्याच्या हंड्याची मोटरसायकल

नव्वदच्या दशकात देशाचा बाजार खुला झाला आणि कोठी भागातल्या फुटपाथवर परदेशी मोटरसायकलींची मासिकं मिळू लागली, त्या दिवसांत हैदराबादेत अजब गाड्यांचं प्रदर्शन आणि स्पर्धा भरली होती. तिथे एका गाडीवर मी बेहद्द खूश झालो. तिची पेट्रोलची टाकी बेगम बाजारातल्या तांब्याच्या हंड्यातून घडवलेली होती!

ती घडवणारा मेकॅनिक मात्र एका जागी ठरत नव्हता. खांद्यावरच्या फडक्यानं हंडा पुसायचा, चालू इंजिनाला कान लावायचा, पुन्हा पुसायचा.

"पहिला नंबर आया तो खुद का गॅरेज डालतूं, साब," तो म्हणाला.

मला खोडी सुचली. चेहरा डॉक्टरासारखा गंभीर करून मी म्हटलं, "मियाँ, कुछ टकटक आवाज आरा ना?"

त्यानं तत्काळ इंजिन बंद केलं आणि पाना काढला.

"अरे, मजाक करा मैं!" मी घाबरून ओरडलो.

"नक्को साब. अब शक आ गया."

परीक्षक आले तेव्हा इंजिनाचं झाकण वर्तमानपत्रावर पडलेलं होतं. "गाडी चालू करा," ते म्हणाले. यानं मान वर न करताच दहा मिनिटं मागितली. ते पुढे निघून गेले.

पलीकडे बक्षीस जाहीर होत असताना त्यानं किक मारली, कान लावला आणि आनंदानं माझा हात धरला.

"क्या कान हैं साब तुम्हारे! इंजन का टॅपेट ढीला था, उसी की टकटक थी."

मला कसलाही आवाज आला नव्हता. तेव्हापासून स्कूटर काढताना मीही कान लावतो. काही ऐकू येत नाही, आणि चैनही पडत नाही.