काकींची पाच वर्षं

माझ्या हातात खडू दिला की मी भाषणाला उभा राहतो. लालबागच्या आमच्या चाळीत मंडळाच्या खोलीबाहेर एक फळा आहे. पाणी कधी येणार नाही, मीटिंग कधी आहे आणि कोण गेलं, एवढंच त्यावर एरवी लिहिलेलं असतं. त्या रविवारी मी त्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे राज्य सरकारची आरोग्य योजना, उजवीकडे केंद्राची, सत्तरी गाठलेल्यांसाठीची. माझी आजवरची सगळी नोकरी विमा कंपनीत कारकुनी करण्यात गेली आहे. त्यामुळे ही तुलना माझ्याशिवाय कोणाला जमणार नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

“राज्याची योजना म्हणजे घरातलं एकच पातेलं,” मी सुरुवात केली. “वर्षभर सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. एकाने जास्त वाढून घेतलं की दुसऱ्याला खरवड. सत्तरीवाली म्हणजे म्हाताऱ्यांचं वेगळं ताट. रेशनकार्ड कुठल्या रंगाचं, मुलगा काय कमावतो, काही विचारत नाहीत. फक्त वय बघतात.”

“माका खयचा ताट रे?” मागच्या बाकावरून काकींनी विचारलं.

काकी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या. मूळच्या मालवणकडच्या, लग्न होऊन चाळीत आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. परळच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, फार लांबवू नका म्हणाले होते. पण काकांच्या डायलिसिसने घरचं पातेलं जवळजवळ खरवडून झालं होतं. पालिकेच्या रुग्णालयात नंबर लावता आला असता, पण तिथे रांग मोठी आणि झडप बाहेरून विकत आणायची. म्हणजे काकींचं सगळं माझ्या उजव्या बाजूच्या रकान्यावर येऊन ठेपलं होतं.

“तुम्हाला वेगळं ताट, काकी. त्यात काकांचा हातसुद्धा जाणार नाही.”

लोक हसले. दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी खडूचे हात झटकले, एखादा मोठा सर्जन झटकेल तसे.

दुसऱ्या दिवशी काकी मुलाबरोबर कार्ड काढायला गेल्या आणि तशाच परत आल्या. त्यांचा मुलगा माझा शाळेपासूनचा दोस्त. गॅलरीत उभा राहून तो म्हणाला, “तिथला माणूस म्हणतो, आजी अजून लहान आहेत. आधारवर सदुसष्ट आहेत. तीन वर्षांनी या.”

सगळी गॅलरी हसली. सर्वांत मोठ्याने मी हसलो. काकी बहात्तरच्या आहेत हे चाळीत कोणाला ठाऊक नाही? आणि मग मला आठवलं.

आधारचं शिबिर मंडळाच्या त्याच खोलीत झालं होतं. मशीनवाल्याच्या शेजारी स्वयंसेवक म्हणून मीच बसलो होतो. काकींकडे जन्माचा कागद नव्हता. तोंडी सांगितलेलं वर्ष चालत होतं. गिरणगावात वय कमी सांगणं ही तशी घराघरातली हुशारी. आमचे बापजादे गिरणीत लागताना वय उतरवूनच लागले, नोकरी तेवढीच लांबते म्हणून. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, “काकी, पाच वर्षं कमी करू? काका घाबरतील.”

“कर मेल्या. दहा कर.”

घासाघीस होऊन पाचवर सौदा ठरला. मी वर्ष सांगितलं, मशीनवाल्याने टाकलं. हा किस्सा मी ऑफिसात चहाबरोबर कितीदा तरी खपवला आहे. चाळीत मात्र कधी सांगितला नव्हता. बाईमाणसाच्या वयाचा मामला, म्हणून. माझ्या सभ्यपणाची धाव तेवढीच.

“कुठल्या गाढवाने लिहिलं असेल रे हे?” दोस्ताने मला विचारलं. मलाच.

मी तोंड उघडलं. पण त्याआधी काकी कठड्याला टेकून म्हणाल्या, “मीच सांगितलंय तसा. माका खय वर्सा आठवतत?” आणि माझ्याकडे एकदाच बघून घरात गेल्या. मी तोंड मिटलं. काकींचा शब्द राखावा म्हणून गप्प बसलो, असं लिहिलं तर छान दिसेल. मी घाबरलो होतो, एवढंच खरं.

मग वय दुरुस्त करायचं सगळं मी अंगावर घेतलं. गावच्या शाळेतून दाखला मागवला. तो आला, तर त्यावर नाव माहेरचं. मग लग्नाचा पुरावा. तो आणला, तर पुन्हा रांग. मी रजा टाकून धावत होतो आणि तिकडे काकींचं चालणं आखडत होतं. आधी त्यांनी भाजी आणणं सोडलं, मग खाली उतरणंच सोडलं. बांगड्याचं कालवण त्या स्वतः माझ्याकडे घेऊन यायच्या, ते आता सून आणून द्यायला लागली. वाटी तीच. मी ते खायचोही, निर्लज्जासारखा, भाताबरोबर.

“तू होतास म्हणून रे,” दोस्त एकदा जिन्यात म्हणाला. “दुसरं कोण एवढं करतं?”

मी हातातले कागद पुन्हा मोजायला लागलो.

शेवटी दुरुस्ती झाली, कार्ड आलं. परळला योजनेच्या खिडकीवर आम्ही तिघं उभे होतो. काकी चाकांच्या खुर्चीत, त्यांची पिशवी माझ्या खांद्याला. खिडकीतल्या मुलीने विचारलं, “आजी, वय किती?”

काकींनी श्वास जमवला. “ह्येका विचार,” माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. “माझा वय ह्योच ठरवता.”

दोस्ताने माझ्याकडे पाहिलं. शाळेत तो माझ्याहून हुशार होता. मुलगी थांबली होती.

“बहात्तर,” मी म्हटलं.

“पूर्ण?”

“पूर्ण.”

दोस्ताने माझ्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली आणि खुर्ची ढकलत आत गेला.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर एवढंच म्हणाले की आधी आला असतात तर हृदय इतकं थकलं नसतं. दोस्त माझ्याशी बोलतो, हसतोही. त्या खिडकीबद्दल त्याने अजून विचारलेलं नाही. काकी पुन्हा जिना चढतात, पण एका दमात नाही. दम घ्यायला त्या थांबतात ते नेमकं माझ्या दारासमोर. मी स्टूल घेऊन बाहेर धावतो.

“बस तू,” त्या म्हणतात. “मी उभी रवतंय. तू म्हातारो झालंस.”

मी बसतो. काकी कठडा धरून श्वास घेत असतात, आणि तो पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो ते मी ऐकत राहतो.