आईच्या कोंबड्यांचं वाण

घाटंजीजवळच्या एका खेड्यात कांताबाई खोब्रागडे एकटी राहते. साठी ओलांडली तरी निंदणाला जाते. पहिल्या बाळंतपणाहून सासरी निघाली तेव्हा आईनं टोपल्यात घालून एक तलंग, अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, दिली होती. बुटकी, मानेवर पीस नसलेली. तिचीच पिलावळ कांताबाईच्या अंगणात वाढत गेली. पुढे आई गेली, नवरा गेला, लेक नांदायला गेली. कोंबड्या तेवढ्या राहिल्या.

मागच्या फेब्रुवारीत गावाबाहेरच्या पोल्ट्रीत पक्षी पटापट मरू लागले. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. किलोमीटरभरात एकही कोंबडी ठेवायची नाही, असा हुकूम आला.

पांढरे सूट घातलेली माणसं दारात आली तशा कोंबड्या पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या ढिगात शिरल्या. त्यांच्यातली डॉक्टरीण, अर्पिता, हळूच म्हणाली, "मावशी, तुम्हीच बोलवा ना. आम्ही पळापळ केली तर त्यांचे जास्त हाल होतील."

"माह्या कोंबड्या बिमार नाही वो, पोरी. पाह्य ना, कशा हायेत."

"आज दिसत नाही, मावशी. पण ठेवता येणार नाही."

कांताबाईनं मूठभर ज्वारी घेतली आणि रोजच्यासारखी हाक मारली. अकराच्या अकरा पायाशी आल्या. एकेक उचलून तिनंच अर्पिताच्या हातात दिली.

मग गावात पहाटे आरवायला कोणी उरलं नाही. कांताबाईला जाग यायची, पण उजाडायला किती वेळ आहे ते कळायचं नाही. भाकरीचा चुरा घेऊन ती दारापर्यंत जायची आणि तशीच परत फिरायची.

काही महिन्यांनी कोंबड्या पाळायची परवानगी मिळाली. शेजारणींनी बाजारातून पिल्लं आणली. कांताबाई मात्र जीपनं पांढरकवड्यापलीकडे माहेरी गेली. भाऊ धर्मपाल म्हणाला, "आपल्या घरी तं कवाच्याच संपल्या. पोडावर जमनीकडे जाऊन पाह्य. माय तिले उबवाले अंडे देत जाय."

कोलाम आदिवासींच्या त्या वस्तीवर, पोडावर, जमनीच्या अंगणात, उघड्या मानेची कोंबडी पिल्लं घेऊन उकिरडा उकरत होती. कांताबाई तिथंच बसून पिल्लं मोजू लागली.

म्हातारी जमनी तिच्याकडे बघत राहिली. "तू जनाबाईची कांता ना?"

"हो."

"तुही माय इथंच बसत जाय. सडकेवर जीप वाजली का उठून पाहे. मी म्हणो, काय पाह्यतं? तं म्हणे, कांता आली असंन."

कांताबाई वर्षा-दोन वर्षांतून एकदा माहेरी यायची. कधी कापूस वेचायचा असायचा, कधी लेकीची शाळा. "मले कोणी सांगतलं काहून नाही वो?"

"तिनंच सांगू देलं नाही. म्हणे, पोरगी तिकडे रडत बसंन."

जमनीनं एक तलंग आणि एक कोंबडा बांधून दिला. आता कांताबाईच्या अंगणात सहा कोंबड्या आहेत. तरी महिन्या-दोन महिन्यांनी ती जीप धरून पोडावर जातेच. जमनीच्या जवळ बसते आणि म्हणते, "मायचं अजून काही सांग ना."