गळाच्या तळ्यांची किंमत

मी आयुष्यात एकाच माणसावर हात उचलला. तो सत्तरीच्या पुढचा होता.

२०१६ साल होतं. सिंगापूरमधल्या एका लहानशा कंपनीत मी मूल्यांकनाचं काम करायचे. जमिनी, गाळे, गोदामं बघायची, किंमत ठरवायची आणि बँकेला अहवाल द्यायचा. पुण्यात सिव्हिल शिकले होते, तेवढ्यावर ही नोकरी मिळाली होती. नवरा समुद्रातल्या तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म बांधणाऱ्या यार्डात डिझाइनला होता. तेलाचा भाव कोसळला आणि त्याच्या मजल्यावरची टेबलं एकेक करून रिकामी व्हायला लागली. सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळचा चहा आम्ही न बोलता प्यायचो.

मंदीत जमिनीचं काय होतं, हे मी त्या वर्षी शिकले. भाजीपाल्याच्या जमिनीची किंमत फारशी हलत नाही, कारण लोक पालेभाज्या खायचं सोडत नाहीत. हौसेच्या जमिनीचं तसं नसतं. गोल्फचं मैदान, घोड्यांचे तबेले, गळ टाकून मासे धरायची तळी यांच्या किमती पगारांबरोबर चढतात आणि नोकऱ्या जायला लागल्या की सगळ्यात आधी आपटतात. त्यात इथली शेतजमीन सरकारची, ठरावीक वर्षांच्या लीजवर दिलेली. लीज संपत आली की किंमत तशीही विरघळत जाते.

एका रविवारी आम्हाला बेटाच्या वायव्य टोकाला एका शेतावर जायचं होतं. बरोबर माझा वरिष्ठ सहकारी होता. पन्नाशीचा मलय माणूस, कमी बोलणारा. मी त्याला अबांग म्हणायचे, म्हणजे त्यांच्याकडे दादा. गाडीत तो नेहमीपेक्षाही गप्प होता. शेवटी म्हणाला, “पाच वर्षांपूर्वी ही जागा मीच बघितली होती.”

“मग तर सोपंच आहे.”

“नाही. तेव्हा अर्ध्या जागेत भाजीचे वाफे होते आणि अर्ध्या जागेत तळी. सुटीच्या दिवशी यार्डातली माणसं गळ घेऊन रांग लावायची. मी तळ्यांची भरपूर किंमत लिहिली. ती बघून शेताच्या म्हाताऱ्या मालकाने उरलेले वाफेही खणून तिथे तळी केली. कर्ज घेतलं. आज आकडा तू लिही. मला लाज वाटते.”

आम्ही पोचलो तेव्हा शेजारच्या लष्करी जागेत गोळीबाराचा सराव चालू होता. प्रत्येक फैरीबरोबर फाटकाजवळचे दोन कुत्रे साखळीला हिसके देऊन भुंकत होते. अडवायला कुणी नव्हतं. आम्ही सरळ आत गेलो आणि थबकलो.

सगळ्यात मोठं तळं म्हाताऱ्याने उपसून रिकामं केलं होतं. गुडघाभर चिखलात हाताएवढे जिताडे मासे तडफडत होते आणि म्हातारा हातात परांग, म्हणजे इथला लांब कोयता, घेऊन त्यांना तोडत सुटला होता. डोकं तुटलं तरी मासा उडायचा, मग तो दुसरा घाव घालायचा. बनियनवर, तोंडावर, केसांवर रक्त आणि चिखल. शेडच्या पायरीवर त्याची बायको बसली होती आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडत होती. तिची भाषा मला येत नव्हती, पण ती ‘पुरे’ म्हणत होती हे कळत होतं.

त्याने आम्हाला बघितलं. मोडक्या इंग्रजीत माझ्यावर ओरडला, “काल शनिवार! किती माणसं आली माहितीय? तीन! हे मासे कोण धरणार? तू? किंमत लिहायला आलीस ना? लिही!” आणि पायाजवळच्या माशाचे दोन तुकडे केले.

मी म्हणाले, “अबांग, आपण परत जाऊ.”

पण तो बूट काढून तळ्यात उतरला होता. दोन्ही हात पुढे धरून, मलयमध्ये हळूहळू बोलत तो म्हाताऱ्याकडे चालत गेला. म्हाताऱ्याने त्याला ओळखलं आणि इंग्रजीतच ओरडला,

“तूच सांगितलंस तळी खणायला!”

“खणा असं मी नाही म्हणालो, अंकल. मी फक्त किंमत लिहिली.”

“मग वेगळं काय केलंस!”

आणि त्याने परांग चालवला. अबांगने हात वर केला, म्हणून गळा वाचला. पातं तळहातातून आरपार उतरलं. तो ओरडलाही नाही, नुसता मागे पडला. म्हाताऱ्याने परांग पुन्हा उचलला.

माझ्या हातात मोजणीचं चाक होतं. जमिनीवरून ढकलत अंतर मोजायचं, लांब लोखंडी दांड्याचं. मी कधी उतरले ते आठवत नाही. चाकाच्या बाजूने मी म्हाताऱ्याच्या मनगटावर फटका मारला. परांग चिखलात पडला. तो रिकाम्या हातांनी माझ्याकडे वळला, तोंड उघडं, आणि डोळ्यांतला राग संपलेला. तिथे सगळं थांबायला हवं होतं.

मी दुसरा फटका मारला. खांद्यावर, मानेला लागून. हाड मोडल्याचा आवाज मला हातात जाणवला. अबांगला वाचवण्यासाठी हा फटका नव्हता. मला मारायचं होतं, म्हणून मी मारलं.

त्याची बायको धावत आली आणि तिने माझं तोंड ओरबाडलं. मी उलटून तिलाही ढकललं. मग ती अबांगकडे वळली, स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून त्याचा हात करकचून बांधला, आणि मला फोनची खूण केली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आम्ही चौघं त्या चिखलात होतो. मासे अजून उडत होते.

पोलिसाने विचारलं, “तुम्ही किती वेळा मारलंत?”

“एकदा.”

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये अबांग छताकडे बघत म्हणाला, “मी दोन मोजले.”

मी त्याच्या पांघरुणाची घडी सारखी केली.

“मलाही विचारलं त्यांनी. मी म्हणालो, डोळ्यांत चिखल गेला होता.”

त्या रविवारी घरी गेले तेव्हा आठ वर्षांच्या मुलीने माझ्या गालाकडे बघून विचारलं, “ममा, यू फाइट आह?” नवऱ्याने तिला आत पाठवलं आणि डेटॉलची बाटली घेऊन माझ्यासमोर बसला.

“अगं, तू होतीस म्हणून अबांग वाचला.”

“दुसऱ्या फटक्याची गरज नव्हती रे. म्हाताऱ्याच्या हातात काही नव्हतं.”

त्याने कापूस माझ्या गालावर तसाच धरला. मग म्हणाला, “गेले तीन महिने मलाही रोज कुणाला तरी मारावंसं वाटतंय.” आणि माझ्याआधी तोच रडायला लागला.

म्हाताऱ्याने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. अबांगची दोन बोटं पुन्हा कधी वाकली नाहीत. बँकेला अहवाल मात्र हवाच होता, आणि ऑफिसात दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. तीन आठवड्यांनी मी एकटी गेले. म्हातारीने फाटक उघडलं. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं न सांगता तिने धरलं. तळ्यातून अजून घाण येत होती.

मोजणी संपल्यावर तिने दोन बोटं वर केली. “टू टाइम,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणाले. “आंटी, चुकलं माझं.”

तिने माफ केलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. मोडक्या इंग्रजीत तिने सरळ किंमत विचारली. बँकेच्या आधी कुणाला सांगायची नसते. मी सांगितली. तिने टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “सगळी भाजी ठेवली असती तर?”

“थोडी जास्त आली असती. फार नाही. लीजच संपत आलीय ना.”

“मी त्याला सांगितलं होतं, भाजी राहू दे,” ती म्हणाली आणि शेडकडे निघून गेली.

वर्ष संपायच्या आत नवऱ्याची नोकरी गेली. पुढे त्याला दुसरी, कमी पगाराची मिळाली. ते शेत मुदत संपल्यावर सरकारकडे गेलं. म्हातारा सुटला, आणि दोघं तोआ पायोहच्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, असं अबांगकडून कळलं. तो त्यांना भेटायला जायचा. “चल एकदा,” असं मला तीनदा म्हणाला. मी गेले नाही, आणि पोलिसांना दिलेला जबाबही बदलला नाही.