उंबऱ्यापासून मारुतीपर्यंत

आमच्या घरापासून खुलताबादचा भद्रा मारुती, म्हणजे आडवा झोपलेला मारुती, वीसेक किलोमीटर. श्रावणातल्या शनिवारी शहरातली धडधाकट माणसं पहाटे चालायला लागतात आणि उन्हं चढायच्या आत नारळ फोडून, भजी खाऊन, जीपला लटकून परत येतात. माझा थोरला भाऊ दोन महिने चालत होता आणि शरणापूर फाट्यापर्यंतच गेला. मी घरात हे सांगायला लागलो की वहिनी उठून आत जातात. म्हणून इथं सांगतो.

दादा चिकलठाण्याला एका कारखान्यात तपासनीस होता. तयार झालेला माल हातात घेऊन बघायचा आणि खोट दिसली की पिवळ्या तेलखडूनं रेघ मारून बाजूला टाकायचा. तीस वर्षं हेच काम. त्यामुळं माणसंही तो तशीच बघायचा. त्याच्या लेखी पायी वारीचा नियम एकच: स्वतःच्या उंबऱ्यापासून निघायचं. नगर नाक्यापासून चालणाऱ्यांना तो 'नाक्यावरचे' म्हणायचा. दौलताबादपर्यंत गाडीवर येऊन तिथून घाट चढणारे म्हणजे 'पाव्हणे'.

एका वर्षी मी पाव्हणा झालो. स्कूटर दौलताबादला लावली, एका डबक्यात दोन्ही पाय घोट्यापर्यंत बुडवले, चेहरा दमल्यासारखा केला आणि दर्शनाच्या रांगेत दादाच्या मागं जाऊन उभा राहिलो. अभिनय मला चांगला जमतो. दादानं चेहऱ्याकडं बघितलंच नाही. पाय बघितले.

"लोकांचा चिखल वाळलाय. तुझा ओलाय. जा घरी."

सगळ्या रांगेसमोर. मी गेलो. हसत हसत गेलो, पण गेलो.

अशा माणसाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास मशीनला. दिवसभराचं पाणी एका लहान बाटलीत मोजून. पाय इतके सुजायचे की बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदयही थकलंय, आता फार धरून चालू नका. आणि श्रावण लागायच्या आदल्या दिवशी दादा जेवताना म्हणाला, "यंदा मारुतीला जायचं राहू नये. पुढच्या श्रावणाचा भरवसा नाय."

मग कुठून निघायचं यावर घरात जो तमाशा झाला, त्याला तिकीट लावता आलं असतं.

"गाडी थेट खुलताबादला न्यायची," वहिनी म्हणाल्या. "पार्किंगपासून देवळापर्यंत चाला. ते बी पायीच की."

"त्यापेक्षा पलंगावरून उठून फोटोपुढं उभा राहतो. ते बी पायीच."

"बरं, घाट संपल्यावर उतरा."

"म्हंजी पाव्हणा होऊ?"

"तुम्हाला घरातल्या जिन्यावर दोनदा बसावं लागतं!"

"दोनदा बसतो, पण चढतो ना?"

वहिनी रडायला लागल्या. तेव्हा मी, घरचा विदूषक, बोलून गेलो की उंबऱ्यापासून निघायलाच हवं असेल तर तुकड्या-तुकड्यानं चाल. आज जिथं थांबशील, परवा तिथूनच पुढं. मी गंमत केली होती. दादानं घास तसाच हातात धरला.

"बसतंय नियमात," तो म्हणाला. "पण खूण मी करणार. आणि खुणेच्या पुढं रिक्षातून गेलेलं एक पाऊल बी चालण्यात धरायचं नाय."

गल्लीतल्या चाचांची रिक्षा ठरली. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी आम्ही निघायचो. पहिल्या दिवशी दादा वहिनींच्या देखत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेला. गिरणीच्या भिंतीवर पिवळी रेघ मारली आणि मी नेलेल्या घडीच्या स्टुलावर बसला. मागून हळूहळू येणारे चाचा म्हणाले, "भाईसाब, इस हिसाब से तो मारुती को ही इधर बुलाना पडता."

"तो झोपलेला देव आहे चाचा. त्याला घाई नाय."

छावणी मागं पडली. पडेगाव यायला श्रावण अर्धा संपला. एका दमात कधी चारशे पावलं, कधी दीडशे. त्याच्या चपला होत नव्हत्या म्हणून माझे सँडल पट्टे सोडून घालायचा. उसाच्या रसाच्या गाड्याजवळ आला की मान वळवून चालायचा. एकदा रसवाल्यानं घुंगरू वाजवलं तेव्हा तो थांबला, डोळे मिटले, आणि कोरडी जीभ ओठांवरून फिरवून पुढं निघाला. मी त्या गाड्याकडं बघून विनोद शोधत होतो. सापडला नाही.

शनिवारी पोरांची टोळकी झेंडे घेऊन आम्हाला मागं टाकायची. एकानं विचारलं, "काका, कुठून निघालात?"

"घरून."

"कधी?"

"झाले अठरा दिवस."

पोरं हसली. मग त्याच्या दंडावरच्या पट्ट्या आणि फुगलेली शीर बघून गप झाली. एकजण पाया पडला. दादा म्हणाला, "माझ्या काय पडतोस? तू कुठून निघालास ते सांग."

"नगर नाक्यावरून."

"मग ऊठ," दादा म्हणाला आणि हसला. त्या श्रावणातलं त्याचं ते शेवटचं हसू असेल.

श्रावण संपला. मिटमिट्याच्या पुढं त्याची पावलं पन्नास-साठवर आली. प्रत्येक खांबाला स्टूल. रेघ मारताना हात थरथरायचा, तरी तेलखडू मला द्यायचा नाही. एका गुरुवारी तो दोन खांबांमधलं अंतरही कसंबसंच पार करू शकला. खांबाला टेकून उभा राहिला, रेघ मारली आणि म्हणाला, "किल्ला दिसला असता तर बरं झालं असतं." दौलताबादचा किल्ला दिसायला लागला की त्याच्या अंगात जोर यायचा, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. किल्ला नीट दिसतो ते वळण तिथून दोन किलोमीटर पुढं होतं. पन्नास पावलांनी दोन किलोमीटर म्हणजे दिवाळी. दादाकडं दिवाळी नव्हती.

मी त्या संध्याकाळी स्कूटर काढली. रॉकेलचा बोळा घेतला. खांबावरची दादाची रेघ घासघासून काढली. रिक्षातून जाताना ती दिसली असती तर सगळं उघड झालं असतं. मग त्या वळणाच्या अलीकडं तसाच एक खांब शोधला, शेजारी तसंच एक बाभळीचं झुडूप असलेला, आणि दादाच्या कपाटातून उचललेल्या दुसऱ्या तेलखडूनं त्यावर रेघ मारली. चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "ये ठीक नई." मी म्हणालो, "चाचा, किल्ला दाखवायचाय." शनिवारी त्यांनी रिक्षा नको इतकी सावकाश चालवली.

दादा उतरला. खांबाकडं बघितलं. झुडपाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी चेहरा कोरा ठेवला. तो चालायला लागला. वळणावर किल्ला दिसला तेव्हा थांबला आणि म्हणाला, "आला." त्या दिवशी तो एका दमात दोनशे पावलं चालला. मी मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुढचे तीन आठवडे तो असाच चालला आणि शरणापूर फाट्याच्या पाटीवर त्यानं रेघ मारली. ती शेवटची ठरली.

दोन दिवसांनी मशीनवर असताना त्याला धाप लागली आणि दवाखान्यातच ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी डबा आणायला घरी गेल्या होत्या. नळीतून रक्त फिरत होतं आणि दादा त्याच्याकडं बघत होता.

"माझी रेघ थरथरते," तो म्हणाला. "त्या खांबावरची सरळ होती."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"ऐक. तीस वर्षं खोट बघितली की बाजूला टाकली. ही बघितली आणि चालत सुटलो." त्यानं श्वास घेतला. "मला बरं वाटलं रे. तेवढं चालायचं वाचलं म्हणून बरं वाटलं. तुला मात्र मी रांगेतून काढलं होतं."

"दादा, ते सोड."

"किती होतं?"

"दोन किलोमीटर."

"लई आहे," तो म्हणाला आणि डोळे मिटले. त्यानंतर तो नीट बोलला नाही. पाचव्या दिवशी गेला.

दिवस झाल्यावर वहिनींनी सांगितलं की त्यांचं राहिलेलं आपण पूर्ण करायचं. कारखान्यातले त्याचे सोबती म्हणाले, घरापासून सगळे मिळून चालू. वहिनी म्हणाल्या, "घरापासून कशाला? ते चाललेत तेवढं. शेवटच्या खुणेपासून निघायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

रात्रभर मला झोप आली नाही. सकाळी मी वहिनींना सगळं सांगितलं. रॉकेलचा बोळासुद्धा.

वहिनी मेथी निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. जुडी संपली तेव्हा म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं?"

"हो."

"म्हंजी ते मनात घेऊन गेले." त्यांनी मेथीची देठं गोळा केली. "भावजी, आयुष्यभर त्यांनी एका गोष्टीचा तोरा मिरवला. तुम्ही तेवढीच त्यांची मोडली."

"किल्ला बघायचा होता त्याला."

"उचलून नेऊन दाखवायचा होता. परत आणून खुणेवर सोडायचं होतं. कुणी अडवलं होतं?"

खरं सांगतो, हे मला सुचलंच नव्हतं. इतकं सोपं होतं आणि सुचलं नाही.

"फाट्यापासून पुढचं मी चालते," वहिनी म्हणाल्या. "त्यांचे सोबती फाट्यावर येतील. मधलं तुम्ही चालायचं. एकट्यानं. मी तुमच्या त्या खोट्या खांबापाशी रिक्षात बसून वाट बघते."

शनिवारी चाचांनी मला मिटमिट्याच्या पुढं उतरवलं आणि वहिनींना घेऊन ते पुढं गेले. रिक्षा दिसेनाशी झाली. मी चपला काढून पिशवीत टाकल्या आणि खांब शोधायला लागलो.

बाभळीचं झुडूप तीन खांबांजवळ होतं. पहिल्यावर काही नव्हतं. दुसऱ्यावर एक तेलकट डाग होता, पण तो ग्रीसचाही असेल. तिसराही तसाच. रेघेचा कणही नाही. काम मी मन लावून केलं होतं. बघायला कुणी नव्हतं. कुठूनही निघालो असतो तरी वहिनींना कळलं नसतं. चाचांना कळलं नसतं. मी दुसऱ्या खांबापासून निघालो, दहा पावलं गेलो आणि थांबलो. न जाणो, पहिला असला तर? पहिल्यापाशी आलो. त्याच्याही मागं एक खांब होता, झुडूप नसलेला. पावसाळ्यानंतर कुणी तोडलं असेल तर? तिथं गेलो. मग त्याच्या मागच्या.

ऊन तापलं होतं. ट्रक अंगावर धूळ उडवून जात होते. मी पाठीमागं, शहराकडं चालत होतो, एकेका खांबाला हात लावून बघत. मिटमिट्याची घरं परत दिसायला लागली तेव्हा फोन वाजला.

"भावजी, कुठपर्यंत आलात?"

"वहिनी," मी म्हणालो, "अजून निघायचोय."